तीन कालवडी आणि तेलाचा डबा

१६ जानेवारी १९४१, निपाणी
माळवाडीला सायकलवरून. साडेसहा मैल, त्यातला शेवटचा दीड मैल सायकल हातात धरून. बोलावणं आदगोंडा पाटलांचं. जैन घर. जमीन भरपूर, आणि सगळी तंबाखूखाली. पाटलांची बायको गेल्यापासून थोरली बहीण घर चालवते. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. साठीची असावी. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. गोठाही तिचाच.

तीन कालवडी दाखवल्या. बेळगावच्या लष्करी कॅंपातल्या लिलावात पाटलांनी दोन विलायती रक्ताच्या गाई घेतल्या होत्या, त्यांच्या या लेकी. कमळी, मल्ली, आणि तिसरीला नावच नाही, धाकटी म्हणतात. तिघी तीन वर्षं पार केलेल्या. एकही अजून माजावर आलेली नाही. हाडं दिसतात, केस राठ, डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी रानातून आल्या तेव्हा मल्ली गोठ्याच्या खांबाला धडकली. आक्का म्हणाली, "रोजचंच हाय ते. आंधळी न्हाय, पर दिवस कलला की असं करतीया."

हात घालून तपासलं. अंडाशय हरभऱ्याएवढं, गुळगुळीत. तिघींचं तसंच. झोपलेलं.

पाटील म्हणाले, "ज्येष्ठातला बेंदूर झाला की संकेश्वरचा व्यापारी येतोय. तवर काय हुतंय का बघा, डाक्तर. न्हायतर देऊन टाकणार."

आक्का वळून कडबा टाकायला गेली. तो व्यापारी भाकड जनावरं कुठं नेतो हे तिघांनाही माहीत होतं.

१८ जानेवारी
डोक्यातून कालवडी जात नाहीत. कॉलेजातल्या वह्या काढल्या. गाईला हिरवं मिळालं नाही की जीवनसत्त्व अ कमी पडतं. आधी संध्याकाळची नजर जाते, मग बाकीचं बिघडतं. माळवाडीला दोन वर्षं पाऊस कमी. तेव्हापासून कालवडी वाळल्या कडब्यावर. आसपास हिरवं काही असेल तर ती तंबाखू, तिला जनावर तोंड लावत नाही.

बायकोला, शालिनीला, हे सगळं जेवताना सांगितलं. ती मुलींच्या शाळेत शिकवते, तिला समजावून सांगायला मजा येते, मध्येच प्रश्न विचारते. म्हणाली, "म्हणजे रोग कालवडींना नाही, रानाला झालाय."

तिचं वाक्य बेळगावच्या पशुवैद्यक खात्याच्या साहेबांना लिहायच्या पत्रात घालणार होतो. घातलं नाही.

३ फेब्रु.
साहेबांचं उत्तर. खूश दिसतात. लढाईमुळे विलायतेहून कॉड माशाचं तेल येत नाही, म्हणून आपल्याच किनाऱ्यावर मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या काळजाचं, यकृताचं, तेल काढायला लागलेत. त्याचे दोन डबे पाठवलेत, प्रयोग करा म्हणून. सोबत छापलेला तक्ता. छातीचा घेर, डोळे, केस, माज. दर आठवड्याला भरायचा.

डबे उघडून वास घेतला. लगेच बंद केले.

माशाचं तेल, आणि घर जैनांचं.

५ फेब्रु.
पाटील स्वतः तेल न्यायला आले. दुसऱ्या कामानं निपाणीत आले होते म्हणे. मी तेल साध्या डब्यात काढून ठेवलं होतं. त्यावर कागद नव्हता. का काढून ठेवलं, ते लिहीत नाही, मला माहीत आहे.

"कसलं तेल म्हणायचं हे?"
"जीवनसत्त्वाचं. रोज दोन चमचे, पेंडेत मिसळून."
पाटलांनी झाकण उघडलं नाही. माझ्याकडे क्षणभर बघितलं. "असू दे," म्हणाले आणि गेले.

औषध आहे. औषधात काय असतं ते कोण विचारतं. दिवसभर हे मनाशी दहा वेळा म्हटलं.

१२ फेब्रु.
माळवाडी. आक्का स्वतःच्या हातानं पेंड कालवते, गूळ घालते, गोळा करून तिघींच्या तोंडात देते. नोकराला हात लावू देत नाही. म्हणाली, "वास लई वंगाळ हाय हो. राखेनं हात घासले तरी जात न्हाय. त्याच हातानं सैपाक करायचा म्हणजे…"

मी तक्ता भरला.

निघताना तिनं विचारलं, की कालवडी माजावर येत नाहीत म्हणजे आत नेमकं काय होत नाही. सांगितलं, "आत हरभऱ्याएवढी गाठ आहे. ती रक्तातून निरोप धाडते. त्याला हार्मोन म्हणतात. निरोप गेला की जनावर माजावर येतं."
"मग निरोप का जाईना?"
"गाठ उपाशी आहे."
"वैरण तर पोटभर खात्यात."
"पोट भरतं, आक्का. पण त्यात हिरवं काही नाही."
ती वळून कडब्याच्या गंजीकडे बघू लागली. कॉलेजात परीक्षकासमोर मी याच्या निम्मंही नीट सांगितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर चढ जाणवला नाही.

२७ फेब्रु.
डोळ्यांचं पाणी थांबलं. तिघींचं. मुद्दाम दिवस कलेपर्यंत थांबलो. गोठ्याच्या वाटेवर दोन ओंडके आडवे टाकले. कमळी सरळ ओलांडून गेली. मल्ली थांबली, वास घेतला, वळसा घालून गेली. धाकटी सगळ्यांत मागून, पण न अडखळता. आक्का दारात उभी राहून बघत होती. पदर तोंडाला लावलेला. हसत होती की रडत होती ते कळलं नाही.

मला तूप लावून भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. म्हणाली, "तुमच्या हाताला यश हाय. माझ्या लेकींना डोळे दिले तुमी." 

भाकरी पाण्याबरोबर ढकलली.

२८ फेब्रु.
शा.ला सगळं सांगितलं. तिला इतके दिवस जीवनसत्त्वाचं तेल एवढंच माहीत होतं. तिनं वह्या बाजूला ठेवल्या.

"त्यांना सांगितलं नाहीत?"
"सांगितलं तर बंद होईल. बंद झालं तर कालवडी जातील."
"ते खरं असेल. पण ती रोज त्यात हात घालते, आणि त्याच हातानं देवाला फूल वाहते. तिला माहीत असायला नको?"
"मला माहीत आहे ते."
"मग मला कशाला विचारताय?"

मी विचारलं नव्हतं. पण बरोबर आहे, विचारतच होतो.

६ मार्च
आज सांगितलं.

आक्का गोळे करत होती. पाटील ओसरीवर कडब्याचा भाव सांगणाऱ्या कुणाशी बोलत होते, तो माणूस जाईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "आक्का, हे तेल माशाच्या काळजाचं आहे. मोरी माशाच्या. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मुद्दाम सांगितलं नाही."

तिचा हात पेंडेतच होता. तिनं तो काढला नाही लगेच. "माश्याचं?" एवढंच म्हणाली. मग उठली, विहिरीवर गेली. बराच वेळ हात धुण्याचा आवाज येत होता. परत आली तेव्हा हात लाल झाले होते. मला म्हणाली, "एका कालवडीला वाचवायला किती मासे मारत्यात?"

मला आकडा माहीत नव्हता. तसं सांगितलं.

"माशाचा जीव घेऊन गाईचा जीव राखायचा. ह्याचा हिशोब मला लागत न्हाय, डाक्तर." आवाज चढला नव्हता. देवळात जाते म्हणाली. गेली.

चिडले ते पाटील. "मला काय कळत न्हाय व्हय? डब्याचा वास मला पयल्या दिवशी आलता. मी गप बसलो. तुमाला काय गरज हुती आक्काला सांगायची? कालवडी सुधारत हुत्या. आता ती आठ दिस जेवायची न्हाय. तुमच्या खरं बोलण्यानं माझ्या घराला काय मिळालं?" मग कानडीत आणखी काही. घरचं बोलणं होतं, मी ऐकलं नाही असं केलं. शेवटी मराठीत: "आता येऊ नका."

सायकल घेऊन निघालो. वाटेत दोनदा थांबलो. लाज वाटत होती, पण छातीवरचा दगड उतरला होता, आणि ते दोन्ही एकाच वेळी होतं. शा.नं चेहरा बघूनच ओळखलं. थालीपीठ केलं होतं.

११ मार्च
साहेबांना लिहिलं: तेल मालकाच्या धर्मामुळे बंद, आणि चूक माझी, सुरुवातीलाच न सांगितल्याची. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

२४ मार्च
साहेबांचं उत्तर तीन ओळी. "नोंदी अपुऱ्या. खेद आहे. उरलेलं तेल परत पाठवा." खाली शाईनं हातानं लिहिलेली एक ओळ: "आपण सांगितलंत हे योग्य केलंत."
ती ओळ कापून घेतली नाही. पण पत्र टेबलाच्या वरच्या कप्प्यात.

८ एप्रिल
दवाखान्यात गर्दी. लाळ्या-खुरकुताची साथ आहे. दिवसभर तुरटीचं पाणी आणि खुरं. जेवण तीन वाजता. असे दिवस मला आवडतात. संध्याकाळी शा.बरोबर टेकडीपर्यंत फिरून आलो. आंब्यांना यंदा कैऱ्या बऱ्या धरल्यात. माळवाडीचं काही कळत नाही.

१९ एप्रिल
आक्का आली. निपाणीत, बैलगाडीतून, एकटी. दवाखान्याच्या पायरीवर बसली, आत आली नाही. म्हणून मीही बाहेर पायरीवर बसलो. रस्त्यानं जाणारे बघत होते.

"डाक्तर, त्या तेलात जे व्हतं, ते दुसऱ्या कशातच न्हाय?"
"आहे. हिरव्या पाल्यात आहे. गाजरात तर भरपूर."
"गाजर कंदमूळ. आमी खात न्हाय. जे आमी खात न्हाय ते तिला द्यायचं, माझ्या मनाला बरं वाटत न्हाय."
"मग लसूणघास."
ती मागे सरकली. "लसूण?"
हसू आवरलं. "नावच आहे, आक्का. लसणाचा आणि त्याचा काही संबंध नाही. कानडीत कुदरी मसाली म्हणतात."
"हां, कुदरी मसाली. मग तसं म्हणा की." तीही हसली. सहा आठवड्यांनी तिचं हसणं बघितलं. "सदलग्याला माझ्या दिराचं नदीकाठी रान हाय. त्यांच्या बैलांना असतं ते. बी देतील."

मी सांगितलं की आता पेरायची वेळ नाही, ऑक्टोबरात पेरायला हवं, उन्हाळ्यात फार पाणी लागेल.
"ऑक्टोबरपातुर कालवडी थांबतील. व्यापारी थांबायचा न्हाय," म्हणाली.

पेरायचं कुठं? विहिरीजवळची पट्टी. ती जागा पाटील दरवर्षी तंबाखूच्या रोपासाठी ठेवतात. "ते मी बघते," म्हणाली.

जाताना थांबली. "तुमी त्या दिवशी सांगितलं नसतं तर मी अजून हात घालत बसले असते. सांगितलं ते बरं केलं. राग आलता. आता न्हाय."

आज काही काम केलं नाही असं वाटतं. केलं असेल.

२ मे
माळवाडीचा एक माणूस बैल घेऊन आला होता. त्याच्याकडून कळलं: पाटलांच्या घरी तीन दिवस चूल थंड होती. आक्कानं भांडण केलं नाही, नुसतं जेवण सोडलं. चौथ्या दिवशी पाटलांनी स्वतः विहिरीजवळ नांगर घातला. तंबाखूचं रोप दुसऱ्याच्या रानात भाड्यानं करणार.

१४ मे
गेलो. न बोलावता. पाटील मोट हाकत होते. मला बघून मोट थांबवली नाही, तशीच चालू ठेवली. मी पट्टीच्या कडेला उकिडवा बसलो. उगवलंय. विरळ, पण उगवलंय. तीन-तीन पानांचं. उन्हानं कोवळे शेंडे करपलेत. आक्का रोज संध्याकाळी हातानं पाणी शिंपडते म्हणे.

चार मोटा झाल्यावर पाटील म्हणाले, "बसलाय कशाला, पाटाचं दार फोडा तिकडचं."
फोडलं. पँट चिखलात गेली. तेवढंच बोलणं झालं. शा. म्हणाली, "याला तुमच्यात समेट म्हणतात वाटतं."

१० जून
काल बेंदूर. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा. मी आज गेलो. संकेश्वरचा व्यापारी बसलेला होता, चहा पीत. आत आक्का कालवडींच्या दाव्याजवळ स्टुलावर बसलेली, हातात काही काम नाही. नुसती बसलेली.

व्यापारी माझ्याकडे वळला. "डाक्तर, तुमीच सांगा. ह्या गाभण राहतील का न्हाय?"
म्हणालो, "सांगता येत नाही. तपासतो."
तपासलं. कमळीचं अंडाशय हरभऱ्याहून मोठं. तांबड्या भोपळ्याच्या बीएवढं म्हणेन. धाकटीचं तसंच, हरभऱ्याएवढं. मल्लीचं मधलं. तसंच सगळं सांगितलं. वाढवून नाही, कमी करूनही नाही.

पाटील व्यापाऱ्याला म्हणाले, "यंदा न्हाय. म्होरच्या वर्षी बघू."
व्यापारी गेल्यावर आक्कानं त्यांना कानडीत काहीतरी म्हटलं. मला दोनच शब्द कळले. "नन्न तम्मा." माझा धाकटा भाऊ. पाटील बाहेर निघून गेले, बैलांना पाणी पाजायला. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

२९ जून
लसूणघासाची पहिली कापणी. अर्ध्या पट्टीतून दोन भारे. आक्कानं विळ्यानं स्वतः कापले, मला एक काडी खायला दिली. चावून बघितली. गोडसर. तिघी भाऱ्यावर तुटून पडल्या. मल्ली तर डोळे मिटून खात होती. वर पावसाचं गवतही आता आहेच.

२४ जुलै
निरोप आला सकाळी सातला: "कमळी आलीया. लगेच या." सायकल काढली. वाटेत भिजलो. गोठ्यात कमळी हंबरत होती, बाकीच्यांवर चढत होती, शेपूट वर, मागून पारदर्शक स्रावाची तार. यात शंका घ्यायला जागाच नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पाटील तिला घेऊन चालत निपाणीला. सरकारी वळू आमच्याच दवाखान्याच्या मागं. मी सायकल हातात धरून बरोबर चाललो. सगळी वाट पाटील बोलत होते. लहानपणी आक्कानं त्यांना नदीत बुडताना काढलं होतं, ते. तिच्या नवऱ्याला हगवण झाली आणि तीन दिवसांत गेला, ते. तिच्या पदरात मूल नव्हतं म्हणून माहेरी पाठवली, ते. "तवापासनं ह्या गोठ्यात हाय. जनावर इकायचं म्हटलं की ती जेवत न्हाय. मी काय दगड हाय व्हय? मलाबी कळतं."

वळूनं वेळ लावली नाही. पाटलांनी कमळीच्या पाठीवर बराच वेळ हात फिरवला.

१२ ऑगस्ट
मल्ली माजावर. वळूला दाखवली.
पण आजच कळलं, कमळी उलटली. दोन दिवसांपूर्वी, मी दौऱ्यावर असताना. पुन्हा माजावर आली म्हणजे पहिल्या वेळी गाभण राहिली नव्हती. पाटलांनी मला न विचारता पुन्हा दाखवली. छान केलं. आक्का म्हणाली, "पयल्या खेपेला कुणाचं लागतंय?" हे मी सांगायला हवं होतं, तिनंच सांगितलं.

कालवडी माजावर आल्याचं कळवलं होतं, त्यावर साहेबांचं पत्र. विचारतात: सुधारणा तेलामुळे, घासामुळे की पावसाच्या गवतामुळे? महत्त्वाचा प्रश्न आहे. तेलातलं जीवनसत्त्व काळजात महिनोन्‌महिने साठून राहतं. मार्चमध्ये बंद केलेलं तेल जुलैत काम करत नव्हतं असं म्हणता येत नाही. घास तीन आठवडे. गवत तेवढंच. शिवाय कालवडींचं वयही वाढलं. लिहिलं: सांगता येत नाही.
शा. म्हणाली, "एका ओळीचं उत्तर?" मग खाली चार पानं कारणं जोडली.

२३ ऑगस्ट
साहेब खूश नाहीत, पण चिडलेही नाहीत. त्यांच्याकडे विलायतेहून आलेली एक पेटी आहे, लढाईच्या आधीची. हार्मोनची सुई. पुरवठा आता बंद. एक कुपी पाठवलीय, धाकटीसाठी. गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं. गाईच्या अंडाशयाला ते निरोप देतं.

कुपी करंगळीएवढी. आत पांढरी पूड. किती दूरून आली, समुद्रात बोटी बुडायला लागायच्या आधी. कापसात ठेवली.

२५ ऑगस्ट
जैनांचं दशलक्षण पर्व दोन दिवसांवर. त्याआधी सांगावं म्हणून गेलो. या वेळी पिशवी उघडायच्या आधी सांगितलं. "हे घोडीच्या रक्तातून काढतात."
आक्का: "घोडी मरते?"
"नाही. रक्त काढून घेतात, घोडी जगते. पण तिला सुई टोचत असणारच. मला जे माहीत आहे ते एवढं."
"गाभण घोडी?"
"होय."
ती म्हणाली, "पर्वाचे दहा दिस मला असलं काही ठरवायचं न्हाय. मग सांगते."
पाटील ओसरीवरून: "आक्का, ती घोडी विलायतेत हाय. तुला कुठं भेटतीया?"
"म्हणूनच," ती म्हणाली.

७ सप्टें.
पर्व झालं. आक्काचे दहा उपास. बारीक झालीय, पण तरतरीत. काही ठरवलं नाही अजून. मी विचारलंही नाही. कुपी टिकते. कोरड्यात ठेवलीय.

कमळी या तीन आठवड्यांत माजावर आलेली नाही. मल्लीही नाही. याचा अर्थ राहिल्या असाव्यात. "असाव्यात" लिहितो. पाटील गावभर "राहिल्याच" सांगतात.

शा.नं आज विचारलं, मला ढोरांचा डॉक्टर झाल्याचा कधी पश्चात्ताप होतो का. वकिली करणाऱ्या माझ्या भावाचं बेळगावात मोठं घर आहे, म्हणून विचारत असेल. म्हणालो, नाही. खरंच नाही. पाऊस थांबला होता, आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो.

४ ऑक्टो.
पाटलांनी विहिरीजवळच्या पट्टीच्या शेजारची आणखी एक पट्टी नांगरलीय. लसूणघासाला. आता ऑक्टोबर, आता वेळ बरोबर. मला म्हणाले, "तंबाखू काय, सगळीकडंच हाय." गावातले दोघे बी मागायला आले होते. पाटलांनी दिलं, पण आधी लसूण न्हाय, कुदरी मसाली म्हणा, असं बजावून दिलं.

१५ ऑक्टो.
माळवाडी. कमळीला दुसऱ्यांदा दाखवून नऊ आठवडे झाले. तपासलं. गर्भाशयाचा डावा भाग उजव्यापेक्षा भरलेला वाटला. वाटला. कमळी जोर करत होती, माझा हात बधिर झाला, दोनदा काढून पुन्हा घातला. मल्लीचेही जवळजवळ तेवढेच दिवस झाले, पण बधिर हातानं तिला तपासलं नाही. धाकटी शांत, रवंथ करते आहे, केस तिघींत सगळ्यांत चकचकीत. अंडाशय अजून तेवढंच.

पाटील म्हणाले, "हिला टोचा की ते. मी आक्काला सांगतो."
आक्का म्हणाली, "मला कुणी सांगायला नको. कागद वाचून दाखवा पयला."
कुपीबरोबर आलेला इंग्रजी कागद ओळ न ओळ मराठीत सांगितला. कुठल्या घोड्या, कधी रक्त घेतात, किती. कागदात होतं तेवढं. काही ठिकाणी मला अर्थ नीट लागला नाही, तसं म्हणालो. तिनं सगळं ऐकलं. कुपी हातात घेतली, उजेडात धरली, परत दिली.
"दिवाळी होऊ दे," म्हणाली. "धाकटी काय आज पळून जात न्हाय. टोचलं तरी माझी, न टोचलं तरी माझी."

हात धुवून निघालो. ती मागून फाटकापर्यंत आली.
"कमळी गाभण हाय का न्हाय, तेवढं तरी सांगा."
"आज नक्की सांगता येत नाही, आक्का."
"मग कवा?"
"तीन आठवड्यांनी."
"या मग. सकाळीच या, आणि जेवून जावा. बाईंनाबी आणा, त्यांना अजून मी बघितलं न्हाय."